गाडी बघून येते

केळं मोडलं, झालं होतं एवढंच. तसं केळं मोडायचंच, ते काही लोखंडाचं नसतं. पण भिंगरीला ते अख्खं हवं होतं आणि बाबाने साल काढता काढता त्याचे दोन तुकडे केले. दुसरं केळं तिला चालणार नव्हतं. हेच हवं होतं, आणि जोडून हवं होतं. बाबा चष्म्याच्या दुकानात कामाला. मोडक्या दांड्या जोडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. बिचाऱ्याने दात कोरायची काडी आत घालून केळंही जोडून दाखवलं. पण सांधा दिसत होता. भिंगरीने तो पाहिला आणि पुढे जे झालं ते तळमजल्यापर्यंत ऐकू गेलं. खुर्ची आडवी झाली, एक चप्पल खिडकीतून बाहेर गेली आणि केळं छताच्या पंख्याला जाऊन चिकटलं. तिथून ते दिवसभर थोडं थोडं खाली येत राहिलं.

गंमत पुढेच आहे. एवढा दंगा चालू असताना घरातली तिन्ही मोठी माणसं हसतमुख उभी होती. आई हसत होती, बाबा हसत होता, आणि आजोबा तर असे हसत होते, की कुणाला वाटावं नातीचा पहिला नंबर आलाय. "राग आला का गं सोन्या तुला?" आई मधाळ आवाजात विचारत होती. हसून हसून तिचे गाल दुखायला लागले होते. शेवटी भिंगरी दमली आणि हुंदके देत भिंतीला टेकून बसली. बाबाने शर्टाला हात पुसले, खिळ्यावरची किल्ली काढली आणि अगदी सहज म्हणाला, "मी जरा गाडी बघून येतो."

ह्या घरात गाडी बघून येणं म्हणजे काय, ते आता सांगायला हवं.

भिंगरीची आई लोकांना मोटार चालवायला शिकवायची. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, तो तिच्या पायाखाली. शिकणारा भिंतीच्या दिशेने निघाला की ती ब्रेक दाबायची आणि म्हणायची, "छान. आता पुन्हा." कुणी फुटपाथवर चढलं, कुणी भाजीच्या दुकानात शिरता शिरता राहिलं, पण मॅडमचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. गावभर तिच्या शांतपणाचा बोलबाला. घरी मात्र पायाखाली ब्रेक नव्हता. भिंगरी भडकली की आईचा पाय सवयीने फरशीवर दाबला जायचा, आणि फरशी काही दाद द्यायची नाही.

भिंगरी हे लाडाचं नाव. रांगायची तेव्हा एका जागी गोल गोल फिरायची, म्हणून आजोबांनी ठेवलेलं. आता ती तिसरीत होती आणि सगळं घर तिच्याभोवती फिरत होतं. मुलं चिडतात, त्यात नवल नाही. हिचं चिडणं वेगळं होतं. सकाळी उठायची तीच कपाळाला आठी घालून. मोज्याची शिवण टोचली, वर्गात बाईंनी दुसऱ्याला आधी विचारलं, कुणी नुसतं वळून बघितलं, की झाला भडका. भडका विझला तरी धग राहायची. दिवस दिवस ती कुरकुरी, घुश्शात, कशातच जीव न रमणारी. वर्गातल्या मुलांनी तिला वाढदिवसाला बोलावणं सोडलं होतं. शेजारीण म्हणायची, लाड फार झाले. आत्या फोनवर म्हणायची, दोन ठेवून द्या. दोन्ही करून झालं होतं, लाडही आणि दोन ठेवणंही, आणि दोन्हींनंतर आईलाच रडू आलं होतं.

मग कुणाच्या तरी सांगण्यावरून ते मुलांच्या मनाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर बाई होत्या, केस पांढरे, पायात खेळायचे बूट. त्यांच्या खोलीतल्या सगळ्या खुर्च्या मुलांच्या मापाच्या होत्या. आजोबा एकदा बसले ते दोघांनी मिळून उठवावे लागले.

"हा नुसता हट्ट नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. "आणि तुम्ही वाढवण्यात काही चुकलात असंही नाही. हिचा पारा मुळातच वर चढलेला असतो, घरी काय नि शाळेत काय. थोडं काही झालं की उतू जातो. तिलाही ते नको असतं. ह्याला वेळ लागेल. तिला दर आठवड्याला माझ्याकडे आणा, आपण बोलू, खेळू. गरज पडली तर औषधाचंही बघू. तुम्ही एक करा. ती पेटली की तुम्ही पेटू नका."

सल्ला सोन्यासारखा होता. पण ही मंडळी अशी, की डॉक्टरांनी एक गोळी सांगितली तर गुण यावा म्हणून मूठभर घेतील. घरी येईपर्यंत त्या सल्ल्याचं 'ह्या घरात कुणी कधी पेटायचंच नाही' असं होऊन बसलं. त्या दिवसापासून घरात आवाज चढणं बंद. कपाळाला आठी बंद. दार आपटणं तर सोडाच, वाऱ्याने आपटलं तरी बाबा धावत जाऊन भिंगरीला सांगायचा, "वारा होता हं, वारा." आजोबा म्हणजे एके काळचे जमदग्नी, त्यांच्या आवाजाने पोस्टमन जिन्यातूनच परत फिरायचा. तेही आता बागेतल्या बुद्धिबळाच्या डावात हरून यायचे आणि म्हणायचे, "वा, काय सुंदर हरलो आज!"

पण राग काही सल्ला ऐकून जात नाही, तो जागा शोधतो. पहिली जागा आईला सापडली. एकदा भिंगरीने तिचा चष्मा मोडला आणि आई हसत हसत खाली गेली, मागच्या आवारात उभ्या असलेल्या गाडीत बसली, काचा वर केल्या आणि बेंबीच्या देठापासून ओरडली. परत आली ती हलकी होऊन. बाबाने विचारलं, कुठे गेली होतीस? ती म्हणाली, गाडी बघून आले. दुसऱ्या दिवशी बाबाही गाडी बघून आला. मग आजोबा जायला लागले, ज्यांना गाडीतलं हॉर्नखेरीज काही कळत नव्हतं. कधी कधी तर नंबर लागायचा. आजोबा आत बसून त्या बुद्धिबळवाल्या मित्राचा उद्धार करताहेत, आणि बाबा बाहेर टायर बघत उभा आहे, असं चित्र शेजाऱ्यांनी अनेकदा पाहिलं होतं. शेजाऱ्यांचं मत असं, की एवढी निगा राखलेली गाडी अख्ख्या गल्लीत नाही.

पंख्यावर केळं गेलं त्याच आठवड्यात डॉक्टरबाईंनी मोठ्यांना आत बोलावलं. भिंगरी बाहेरच्या खोलीत ठोकळे रचत होती, म्हणजे पाडत होती.

"ती माझ्याशी बोलेनाशी झालीय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आधी बोलायची. मागच्या वेळी मी सहज विचारलं, तुमच्या घरी आणखी कुणाला राग येतो? म्हणाली, कुणालाच नाही. ते सगळे चांगले आहेत. मी म्हटलं, आणि तू? तर म्हणाली, मी त्यांच्यात चुकून आलेय."

आईने दाराकडे पाहिलं, पलीकडे ठोकळे पडत होते.

"मला तिच्या रागाची एवढी काळजी नाही," डॉक्टरबाई पुढे म्हणाल्या. "त्यावर आपण काम करतोय. पण ती स्वतःला ह्या घरातली समजेना झाली, तर मी कितीही खेळले तरी उपयोग नाही. मला एक सांगा, तुमच्या घरी खरंच कुणी चिडत नाही?"

आता खरं बोलायची हीच वेळ होती. पण तिघांची नजरानजर झाली आणि तिघांनाही वाटलं, आपण पकडले गेलो. एवढं बजावूनही आपण चिडतो, तेही गाडीत लपून, हे ह्या बाईंना कळलं तर त्या काय म्हणतील? "छे छे!" आजोबा म्हणाले. "नाव नको," बाबा म्हणाला. आणि आई, जिचं मन आतल्या आत ओरडत होतं, तीही म्हणाली, "आम्ही अगदी शांत असतो, डॉक्टर."

"कमाल आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचा विश्वास बसला नव्हता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

त्यानंतर आईचं कशात लक्ष लागेना. चुकून आलेय, हे दोन शब्द चपलेतल्या खड्यासारखे तिला दिवसभर बोचायचे. सांगून टाकावं, असं रोज वाटायचं. पण सांगणार काय? गाडीत आपण जे ओरडतो ते हवेवर नसतं, पोरीवरच असतं. जी आधीच स्वतःला नकोशी समजते, तिला हे ऐकवायचं? त्यापेक्षा हसलेलं बरं. म्हणून ती आणखी हसायची, आणि भिंगरी तिच्याकडे आणखी लांबून बघायची.

सुट्टीच्या दिवशी दुपारी व्हायचं ते झालं. सकाळपासूनच आईचं सगळं उलटं चाललं होतं. तिच्याकडे एक दाढांचे डॉक्टर गाडी शिकत होते. हिरवा दिवा दिसला की थांबायचे आणि लाल दिसला की सुटायचे. त्यांनी गाडीचं दार खांबाला घासलं. घरी येते तर भिंगरीची वेणी. एक वेणी दुसरीपेक्षा वर आली, ती सोडली, घातली, मग दुसरी वर आली. कंगवा गेला, आरसा वाचला, आईच्या हाताला नखांचे ओरखडे. "काही हरकत नाही हं," आई म्हणत राहिली. भिंगरीने तिच्याकडे एकदा रोखून पाहिलं, किंचाळणं एकदम थांबवलं, आणि आपल्या खोलीत निघून गेली. दार आपटलं नाही. आई स्वयंपाकघरात गेली, भांडी घासली, नळ बंद केला, पुन्हा उघडला. मग तिने ओले हात तसेच घेऊन सांगितलं, "मी जरा गाडी बघून येते." खिळ्यावर किल्ली नव्हती, आजोबा गाडी उघडी टाकून किल्ली खिशात घालून फिरायला जायचे, हे नेहमीचंच. ती तशीच खाली गेली.

गाडीत बसली, दार लावलं, काचा वरच होत्या. आणि सुरू झाली.

"वेणी! वेणीसाठी! अगं, केस आहेत ते, तराजू नाही! केळं जोडून द्या, वेणी मापून द्या, आणि मी काय करू? मी हसू! कंटाळा आलाय मला हसायचा! मलाही फेकायच्यात चपला! मलाही पंख्यावर केळी मारायचीत! ही कार्टी मला वेड लावणार, वेड! माझं डोकं फिरवून ठेवणार!" आणि तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर असे आपटले, की हॉर्न वाजला आणि गेटावरचं मांजर उडालं.

मागून आवाज आला, "आई."

आईचा पाय ब्रेकवर गेला. गाडी उभीच होती, पण गेला.

मागच्या सीटखाली, पाय ठेवायच्या जागेत, भिंगरी अंगाचं मुटकुळं करून बसली होती. एक वेणी सुटलेली. मांडीवर शाळेचं दप्तर, आणि त्यात, नंतर कळलं, एक फ्रॉक, दात घासायचा ब्रश आणि अर्धा बिस्किटांचा पुडा.

"तू माझ्यावर ओरडत होतीस?" तिने विचारलं.

"नाही गं! ते दाढांचे डॉक्टर..." आईच्या तोंडून सवयीने निघालं. चेहऱ्यावर ते हसूही यायला लागलं. तेवढ्यात तिला पोरीचे डोळे दिसले. ते तिचं तोंड वाचत होते, एकेक सुरकुती. आईचं हसू तिथेच गळून पडलं. ती म्हणाली, "हो. तुझ्यावर."

"खूप?"

"खूप."

"मी कार्टी?"

"तेव्हा होतीस. वेणीच्या वेळी."

आईला वाटलं, आता हिचं तोंड वाकडं होणार, आता दार उघडून पळणार, आणि हे आपल्या हाताने झालं. भिंगरी सीटवर चढून बसली.

"तुला येतो?" तिने विचारलं. "राग? मला वाटलं तुला येतच नाही."

"येतो. रोज. म्हणून तर मी गाडी बघायला येते."

"आणि बाबा? तो पण गाडी बघतो."

"तो पण."

"आजोबा?"

"आजोबा तर विचारूच नकोस."

भिंगरीने हे सगळं मनाशी जुळवून पाहिलं. मग तिने तोच प्रश्न विचारला, ज्याला आई घाबरून होती, फक्त अगदी साध्या आवाजात. "मग तुम्ही मला परत पाठवणार का?"

"कुठे परत?"

"जिथून चुकून आले तिथे."

"अगं बये," आई म्हणाली, आणि आता तिचा आवाज खराच चढला, हसू नाही, मध नाही, "तू माझ्या पोटातून आलीस! चुकून बिकून काही नाही! आणि येताना राग कुठून आणलास, तर तोही तिथूनच. मला ऐकलंस ना आत्ता? मग आणखी कुणाकडून येणार तो?"

भिंगरीचं तोंड उघडं राहिलं. आई तिच्यावर ओरडली होती, समोरासमोर, आणि ओरडता ओरडता मागे वळून तिने तिचा पाय घट्ट धरून ठेवला होता. दोन्ही एकदम होऊ शकतं, हे तिला नवीन होतं.

इतक्यात पुढचं दार उघडलं आणि आजोबा आत आले. डाव हरून आले होते, हे चालण्यावरूनच कळत होतं. बसता बसताच त्यांनी सुरुवात केली, "हरामखोर, चाल मागे घेतो! उंट खाल्ला की म्हणतो..." मग त्यांना सून दिसली. मग मागची नात दिसली. "गाडी," ते म्हणाले, "बघायला आलो होतो."

"बघा ना, आजोबा," भिंगरी म्हणाली. "मला पण बघायचंय."

आजोबांनी सुनेकडे पाहिलं. सुनेने डोळे पुसत मान हलवली. एवढ्या परवानगीवर आजोबांनी जो आवाज काढला, तो त्या जुन्या जमदग्नीचा होता, काचा थरथरल्या. भिंगरीने कान लावून ऐकलं आणि म्हणाली, "चांगलं आहे. पण नुसतं तोंडाने नसतं करायचं. पाय पण आपटायचे." ह्या विषयात तिच्याएवढं जाणकार त्या गाडीत दुसरं कुणी नव्हतं. आजोबांनी पाय आपटून पाहिले. मुलगी, बायको आणि बाप कुठे गेले म्हणून शोधत बाबा खाली आला, तेव्हा त्याला आत घेऊन त्याचीही परीक्षा झाली. तो काचेकडे तोंड करून, दात ओठ खात, आवाज न करता चिडतो, असं निघालं. "हा कसला राग," भिंगरी म्हणाली. तिने त्याला नापास केलं.

पुढच्या वेळी तिघांनी डॉक्टरबाईंना सगळं कबूल केलं, शाळेतली मुलं उभी राहतात तसं ओळीत उभं राहून. डॉक्टरबाई इतक्या हसल्या, की त्यांना पाणी प्यावं लागलं. मग म्हणाल्या, "गाडीमुळे तिचा आजार आला नव्हता आणि गाडीमुळे बराही होणार नाही. तिचं येणं चालूच ठेवा. पण आता घरातच चिडा. बेताने, माणसासारखं. आणि मग शांत कसे होता, तेही तिला बघू द्या. ते तिला कुणी दाखवलंच नाही अजून."

तेव्हापासून घराची रीत बदलली. गोड आवाज गेला, बरं झालं. भिंगरीचे भडके काही गेले नाहीत. चपला अजून उडतात, मोजे अजून टोचतात, आणि काही दिवस तर असे जातात, की रात्री आई उशीत तोंड खुपसून पडून राहते. पण भिंगरी डॉक्टरबाईंशी पुन्हा बोलायला लागली. एकदा तर तासभर फक्त आजोबांबद्दल बोलली.

मग आत्या राहायला आली. आली त्याच संध्याकाळी उशीच्या अभ्र्यावरून बिनसलं. उशा उडाल्या, आत्याच्या चहाचा कप गेला आणि भिंगरी टेबलाखाली शिरून किंचाळत राहिली. आई म्हणाली, "मला आता फार राग आलाय. मी बाल्कनीत जातेय, खोल श्वास घेतेय आणि परत येतेय," आणि गेली, आणि लाल चेहऱ्याने परत आली, आणि भिंगरीपासून हातभर अंतरावर जमिनीवर बसून राहिली. हळूहळू टेबलाखालचा आवाज बारीक होत गेला.

आत्या हे सगळं तोंडाचा आ करून बघत होती. "मी म्हणते," ती म्हणाली, "आपल्या घराण्यात असं कधी कुणी नव्हतं. ही पोर आली तरी कुठून?"

आईने उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण टेबलाखालून हुंदके देत देत आवाज आला, "आत्या, तुला माहीत नाहीये. आमच्याकडे सगळे चिडतात. आजोबा चिडतात, बाबा चिडतो पण त्याला येत नाही नीट, आई चिडते. मी जरा जास्त चिडते." मग नाक ओढून झालं, बाही चेहऱ्यावरून फिरली, आणि सुजलेल्या डोळ्यांची भिंगरी बाहेर आली. "मी आईवर गेलेय," ती म्हणाली.

आईला इतका आनंद झाला, की आत्यासमोर तिला रडू आवरेना. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"बघ," भिंगरी आत्याला म्हणाली. "रडते पण माझ्यासारखीच."